पाटीवर ९६.२१, हातात ८४.२: एका ऑनलाइन स्लॉटच्या तक्रारीचा प्रकरण अभ्यास

ब्रिटनमधला एक खेळाडू, तिथला परवाना असलेली एक ऑनलाइन कॅसिनो साइट आणि 'बुक ऑफ डेड' हा स्लॉट, म्हणजे पैसे लावून पडद्यावरची चित्रांची चाके फिरवायचा खेळ. प्ले-एन-गो या स्वीडिश कंपनीने २०१६ मध्ये बाजारात आणलेला हा खेळ पाच रीलचा, म्हणजे चाकांचा, आणि दहा पे-लाइनचा, म्हणजे चित्रे जुळली की पैसे देणाऱ्या ओळींचा आहे. खेळाडूने दर स्पिनला, म्हणजे चाके एकदा फिरवायला, २० पेन्स लावत ५,००० स्पिन खेळल्या, म्हणजे एकूण १,००० पौंड लावले. परत आले ८४२. खेळांची माहिती देणाऱ्या एका पानावर त्याने परताव्याचा दर ९६.२१ टक्के असा वाचला होता. त्या हिशेबाने ९६२ पौंड यायला हवे होते. तक्रार एका ओळीची आहे: पाटीवर ९६, हातात ८४, मधले १२ टक्के कुणी खाल्ले?

खेळ, त्याच्या आवृत्त्या, नियामकाचे नियम हे सगळे खरे आहे. खेळाडू आणि त्याची नोंद मात्र हिशेब उलगडून दाखवण्यासाठी रचलेली आहे.

हा खेळ एकाच दराने विकला जात नाही. कंपनीने त्याच्या पाच आवृत्त्या केल्या आहेत: ९६.२१, ९४.२५, ९१.२५, ८७.२५ आणि ८४.१८ टक्के. चित्रे तीच, आवाज तोच, पुस्तक उघडण्याची लकबही तीच. खेळाडूच्या नोंदीत ८४.२ आले आणि सगळ्यात कमी दराची आवृत्ती ८४.१८ ची आहे. चोर रंगेहाथ सापडला असे वाटावे, इतका आकडा जुळतो. पण हा जुळणारा आकडाच या प्रकरणातला सगळ्यात फसवा पुरावा आहे.

दर कशावर मोजतात

परताव्याचा दर, खेळणाऱ्यांच्या बोलीत आरटीपी, म्हणजे जिंकलेल्या एकूण रकमेला लावलेल्या एकूण रकमेने भागून येणारा आकडा. भाजकात लावलेली रक्कम असते, खात्यात भरलेली नव्हे. बऱ्याच तक्रारी इथेच उगम पावतात. समजा खात्यात ५० पौंड भरले आणि २० पेन्सने ३,००० स्पिन खेळल्या. जिंकलेले पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात, त्यामुळे उलाढाल ६०० पौंडांची होते. ९६.२१ टक्क्यांच्या खेळात चालकाचा वाटा ३.७९ टक्के, म्हणजे ६०० वर २२ पौंड ७४ पेन्स. पन्नासातले पंचेचाळीस टक्के गेले, आणि तरीही दर ९६.२१ च राहिला. खेळणाऱ्याला वाटते, आपल्याला ५५ टक्केच मिळाले. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त भाजक वेगळा आहे.

मुंबईच्या मटक्याचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल. एकेरी आकड्याला नऊ पट, आकडे दहा. परतावा ९० टक्के, म्हणजे कागदावर स्लॉटपेक्षा वाईट. पण मटक्याचा आकडा ओपन आणि क्लोज असा दोनदा येतो, आणि स्लॉट तासाला हजाराहून जास्त वेळा फिरतो. नुसता दर बघून खेळ स्वस्त की महाग हे ठरत नाही, दराला वेगाने गुणावे लागते. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की 'हा खेळ ९० टक्के परत देतो' आणि 'हा खेळ १० टक्के ठेवून घेतो' ही एकच गोष्ट सांगणारी दोन वाक्ये लोकांना वेगवेगळी वाटतात, आणि दुसरे वाक्य जास्त नीट समजते. पेटेबलवर, म्हणजे खेळातल्या नियम आणि बक्षिसांच्या पानावर, पहिलेच वाक्य छापलेले असते, हे सांगायला नको.

आधी नोंद तपासायची

आपल्या खेळाडूने उलाढालीवरच दर काढला आहे, त्यामुळे वरची चूक त्याच्याकडून झालेली नाही. तरी हिशेबाची वही एकदा उलटसुलट पाहावी लागते. खात्याच्या इतिहासात प्रत्येक फेरीचा क्रमांक, लावलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम दिसते. ती उतरवून घेताना दोन चुका हमखास होतात.

पहिली फ्री स्पिनची. या खेळात तीन पुस्तके आली की दहा फ्री स्पिन मिळतात. त्यांत मिळालेले पैसे ज्या फेरीने त्या मिळवून दिल्या तिच्याच खात्यात धरायचे, आणि त्या दहांची लावलेली रक्कम शून्य. कुणी त्यांनाही २० पेन्सची स्पिन समजून मोजले आणि ५,००० स्पिनमध्ये असे २५ प्रसंग आले असतील, तर २५० खोट्या स्पिन, ५० पौंडांची खोटी उलाढाल. ८४२ ला १,०५० ने भागले की दर ८०.२ वर येतो. चार टक्के नुसत्या कारकुनीत गेले.

दुसरी चूक याहून महाग पडते. काही साइटांच्या इतिहासात 'जीत' या रकान्यात मिळालेली पूर्ण रक्कम असते, काहींत लावलेली रक्कम वजा करून उरलेली. दुसऱ्या प्रकारच्या रकान्याची बेरीज करून एकूण उलाढालीने भागले, तर जितक्या स्पिनना काही ना काही मिळाले त्या प्रत्येकीमागे २० पेन्स गायब होतात. पाच हजारांतल्या दीड हजार स्पिनना काहीतरी मिळाले असेल, तर ३०० पौंड नाहीसे होऊन दर ५४.२ दिसेल. तेव्हा आधी एक छोटी जिंकलेली फेरी घ्यावी, खात्यातली शिल्लक फेरीच्या आधी आणि नंतर किती होती ते पाहावे, म्हणजे रकान्याचा अर्थ कळतो.

बोनसचे पैसे, बंद पडलेल्या आणि नंतर पुरी झालेल्या फेऱ्या, रंग ओळखून रक्कम दुप्पट करण्याचा 'गॅम्बल' डाव, हेही वेगळे काढावेत. हा डाव निव्वळ दुप्पट-किंवा-शून्य असतो. त्याने सरासरी बदलत नाही, पण चढउतार वाढतात. आपल्या नोंदीतून हे सगळे काढून टाकले असे धरू. आकडा ८४.२ च राहतो.

पाच हजार स्पिन म्हणजे फारच थोड्या

ब्रिटनच्या जुगार आयोगाने, म्हणजे गॅम्बलिंग कमिशनने, चालू खेळांचा खरा परतावा कसा तपासावा याची जी पद्धत सांगितली आहे तिचा गाभा एका ओळीत मावतो. खेळाच्या एका स्पिनचे प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती लांब पसरतात याचे माप, घ्यायचे, त्याला १.९६ ने गुणायचे आणि स्पिनच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. जाहीर दराच्या दोन्ही बाजूंना एवढे अंतर सोडले की जो पट्टा मिळतो, त्यात खरा परतावा शंभरातल्या ९५ वेळा पडायला हवा.

प्रमाण विचलन कुठून येते ते समजून घेतल्याशिवाय पुढचे आकडे पटणार नाहीत. बुक ऑफ डेडची सगळ्यात मोठी जीत लावलेल्या रकमेच्या ५,००० पट आहे. ती ५ लाख स्पिनमध्ये एकदा येते असे धरून पाहू. (हे प्रमाणही सोयीसाठी धरलेले.) ५,००० भागिले ५,००,०००, म्हणजे एकूण परताव्यातला एक टक्का एकट्या या घटनेत दडलेला आहे. दहा हजार स्पिन खेळणाऱ्या शंभर जणांपैकी ९८ जणांना ती दिसणारच नाही, त्यांच्यापुरता तो एक टक्का नसल्यासारखाच. उलट चढउतारातला तिचा हिस्सा पाहा: ५,००० चा वर्ग भागिले ५ लाख म्हणजे ५०, आणि त्याचे वर्गमूळ सात. परताव्यात एक टक्का भर घालणारी घटना एकटीच प्रमाण विचलन सातावर नेते. वरून फ्री स्पिनमधल्या मोठ्या जिती येतात. म्हणून इथे प्रमाण विचलन लावलेल्या रकमेच्या १२ पट धरले आहे. मोठ्या चढउताराच्या खेळाला शोभेल असा हा आकडा आहे, कंपनीचा प्रमाणित आकडा नव्हे.

आता १.९६ गुणिले १२ म्हणजे २३.५२. पाच हजारांचे वर्गमूळ ७०.७. भागाकार ०.३३२६, म्हणजे दोन्ही बाजूंना ३३ टक्क्यांहून जास्त. ९६.२१ च्या अस्सल, निर्दोष यंत्रावर पाच हजार स्पिन खेळल्या तर परतावा ६३ ते १२९ टक्के यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. ८४.२ त्यात आरामात बसतो. एवढा किंवा याहून वाईट परतावा साध्या घंटाकृती वक्राच्या हिशेबाने चारातल्या जवळपास एकाच्या वाट्याला येईल. खरा वक्र घंटेसारखा नसतो, त्याला उजवीकडे लांब शेपूट असते. थोडे जण फार जिंकतात, म्हणून सरासरीखाली राहणारे निम्म्याहून जास्त असतात. त्यामुळे आपल्या खेळाडूसारखे लोक चारातल्या एकाहूनही थोडे जास्तच सापडतील.

हीच नोंद ९४.२५ च्या, ९१.२५ च्या, ८७.२५ च्या यंत्राशीही तितकीच सुखाने नांदते. ८४.१८ शी आकडा तंतोतंत जुळणे हा योगायोग आहे.

मग किती स्पिन हव्यात? ९६.२१ आणि ८४.१८ हे दोन टोकांचे दर वेगळे ओळखायला सुमारे ३८,०००. ९६.२१ आणि ८७.२५ साठी सुमारे ६९,०००. ९१.२५ ओळखायला सव्वा दोन लाख. आणि शेजारचीच ९४.२५ ची आवृत्ती ओळखायची तर १४ लाख ४० हजार. तेवढ्या खेळूनही फरक पकडला जाण्याची शक्यता निम्मीच, पाचातल्या चार वेळा पकडायचा तर संख्या दुपटीच्या थोडी वर, २९ लाखांवर जाते.

ब्रिटनमध्ये ३१ ऑक्टोबर २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटची एक फेरी अडीच सेकंदांहून कमी वेळात पुरी होऊ द्यायला मनाई आहे, आणि आपोआप खेळणारे ऑटोप्लेही बंद आहे. अडीच सेकंदाला एक, म्हणजे तासाला १,४४० स्पिन. चौदा लाख चाळीस हजारांना बरोबर एक हजार तास लागतात, तेही दर वेळी बटण आपल्या हाताने दाबत. २० पेन्सने २ लाख ८८ हजार पौंड फिरतील. यंत्र ९६.२१ चे निघाले तर ही खात्री सुमारे १०,९०० पौंडांना पडेल, ९४.२५ चे निघाले तर १६,५६० ना. खेळून दर तपासायचा हा मार्ग खेळाडूसाठी बंद आहे. त्यात बेइमानीचा संबंध नाही, वर्गमुळाचा आहे. कमी चढउताराच्या, प्रमाण विचलन ३ असलेल्या खेळात हेच काम ९०,००० स्पिनमध्ये होते, पण तिथेही साठेक तास जातात.

एका खेळाचे पाच दर

आवृत्त्या का असतात? कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे केविन हॅरिगन आणि माइक डिक्सन यांनी ओंटारियोतल्या स्लॉट यंत्रांची 'पार शीट' माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन मिळवली आणि २००९ मध्ये त्यांवर लिहिले. पार शीट म्हणजे रीलवर कोणते चिन्ह किती ठिकाणी आहे, कोणत्या जोडणीला किती मिळते आणि त्यावरून दर किती बसतो याचा कारखान्यातला तक्ता. बाहेरून तंतोतंत सारख्या यंत्रांच्या आत वेगवेगळ्या परताव्याचे तक्ते असतात, हे त्यातून उघड दिसले. म्हणजे ही चाल इंटरनेटच्या आधीची. नेवाडा विद्यापीठाचे अँथनी लुकास यांनी प्रत्यक्ष कॅसिनोत सारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या परताव्याच्या यंत्रांच्या जोड्या लावून पाहिल्या. खेळणारे हळूहळू उदार यंत्राकडे सरकतील ही अपेक्षा खोटी ठरली. लोकांना फरक जाणवला नाही, आणि वरचे वर्गमूळ पाहता जाणवणार तरी कसा?

ऑनलाइनमध्ये हे आणखी सोपे झाले. चिप बदलावी लागत नाही. खेळ पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालतो, साइट फक्त खाते आणि पैशांचे पाकीट सांभाळते. करार करताना साइट कोणती आवृत्ती हवी ते कळवते, पुरवठादार तशी जोडणी करून देतो. याचा दुसरा अर्थ नीट लक्षात घ्यावा: निकाल साइटच्या हातात नसतो. 'मी मोठा डाव लावला आणि त्यांनी यंत्र आवळले' हे परवानाधारक बाजारात घडण्याची यंत्रणाच साइटकडे नसते. ब्रिटनचे तांत्रिक नियम स्पष्ट आहेत: ऑनलाइन खेळ आधीच्या जितीहारींकडे बघून स्वतःला जुळवून घेणारा असता कामा नये, प्रत्येक फेरीत शक्यता तीच राहिली पाहिजे. गंमत म्हणजे तिथल्या पबमधल्या जुन्या धाटणीच्या फ्रूट मशीनना अशी भरपाई करून दर सांभाळायची मुभा आहे, आणि 'यंत्र आता द्यायच्या बेतात आहे' ही समजूत त्यातूनच ऑनलाइनवर आली असावी.

साइट कमी दराची आवृत्ती का घेते याचे सगळ्यात स्वच्छ उदाहरण जर्मनीचे आहे. १ जुलै २०२१ पासून तिथे ऑनलाइन स्लॉटवर ५.३ टक्के कर आहे, आणि तो नफ्यावर नाही, लावलेल्या रकमेवर आहे. ९६.२१ च्या खेळात चालकाच्या हाती ३.७९ टक्के राहतात आणि त्याहून जास्त रक्कम करात जाते. म्हणजे तो खेळ चालवणेच तोट्याचे. कायदा बदलला आणि तिथल्या परवानाधारक साइटांवरचे दर धडाधड खाली आले. ब्रिटनमध्ये कर चालकाच्या उरलेल्या वाट्यावर लागतो, तिथे असा कडेलोट होत नाही. पण २०१९ च्या एप्रिलमध्ये तो वाढवून २१ टक्के केला होता, त्यामुळे दर थोडा उतरवून तूट भरून काढण्याचा मोह तिथेही आहेच.

खेळाडूच्या बाजूने पाहायचे तर २० पेन्स आणि तासाला १,४४० स्पिन, म्हणजे तासाला २८८ पौंडांच्या उलाढालीवर सरासरी तोटा असा पडतो:

९६.२१ च्या आवृत्तीत १० पौंड ९२ पेन्स
९४.२५ मध्ये १६.५६
९१.२५ मध्ये २५.२०
८७.२५ मध्ये ३६.७२
८४.१८ मध्ये ४५.५६

पाटीवर 'दोन टक्क्यांनी कमी' असे वाचताना काहीच वाटत नाही. तासाच्या भावात तोटा दीडपट होतो.

यंत्रावर नजर कुणाची

खेळ बाजारात येण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. जीएलआय, ईकॉग्रा, बीएमएम, आयटेक लॅब्ज ही त्यातली ओळखीची नावे. तिथे पार शीटचे गणित पुन्हा मांडून पाहतात, कोट्यवधी स्पिनचे सिम्युलेशन चालवून गणिताशी ताडतात, आरएनजीचे, म्हणजे निकालासाठी यादृच्छिक आकडे काढणाऱ्या प्रोग्रामचे, आकडे सांख्यिकीच्या चाचण्यांतून काढतात आणि मंजूर फाइलींचे हॅश, म्हणजे डिजिटल ठसे, नोंदवून ठेवतात, म्हणजे नंतर एक अक्षर बदलले तरी कळावे. प्रत्येक आवृत्ती वेगळी तपासली जाते.

चुका तरीही होतात, आणि त्या बहुधा कटकारस्थानाच्या नसतात. आरएनजीकडून आलेला आकडा रीलवरच्या जागेत बसवण्याची पायरी घ्या. यंत्रात ० ते २५५ असा आकडा येतो, रीलवर ३० जागा आहेत, प्रोग्रामरने सरळ ३० ने भागून बाकी घेतली. २५६ ला ३० ने पूर्ण भाग जात नाही. पहिल्या १६ जागांना ९ संधी मिळतात, उरलेल्या १४ ना ८. महाग चिन्ह कोणत्या टोकाला आहे त्यावर दर वर किंवा खाली सरकतो. उपाय सोपा आहे, २४० आणि त्यावरचे आकडे टाकून देऊन नवा आकडा मागायचा. प्रत्यक्षात आकड्यांची व्याप्ती खूप मोठी ठेवतात, त्यामुळे हा दोष नगण्य होतो. पण पायरी तपासावी लागतेच.

निकाल एक आणि पडदा दुसरेच दाखवतो, असेही होते. 'वाइल्ड हॅटर' या खेळात २०२० मध्ये एका खेळाडूला पडद्यावर जवळपास ११ लाख पौंडांचा जॅकपॉट दिसला. सर्व्हरवरचा निकाल छोट्या, रोजच्या जॅकपॉटचा होता, म्हणून साइटने २० हजार पौंडांच्या आसपास रक्कम दिली. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये निकाल खेळाडूच्या बाजूने लागला. पडद्यावर जे दिसते तेच मिळेल असे खेळाच्या नियमात लिहिलेले होते. अशा दोषात आरएनजी आणि गणित दोन्ही निर्दोष असतात, त्यामुळे परताव्याच्या आलेखात तो कधीच दिसला नसता.

खेळ सुरू झाल्यावरची देखरेख ब्रिटनमध्ये परवानाधारकावर बंधनकारक आहे. वर सांगितलेले सूत्र इथे खरे कामाला येते, कारण पुरवठादाराकडे सगळ्या साइटांच्या मिळून स्पिन असतात. एक कोटी स्पिनवर आपल्या धरलेल्या विचलनाने पट्टा ०.७४ टक्क्यांचा उरतो, दहा कोटींवर ०.२४ चा. खेळाडूला जे हजार तासांत साधत नाही ते लोकप्रिय खेळाच्या बाबतीत सर्व्हरला थोड्या दिवसांत साधते. परवानाधारक बाजारातल्या मोठ्या खेळांचा परतावा जाहीर दराशी जुळतो, असे आम्ही ठामपणे म्हणतो ते या मोजणीच्या बळावर, कुणाच्या सचोटीवर विसंबून नव्हे.

एक भोक मात्र इथेही राहू शकते. समजा एका साइटवर चुकून ८४.१८ ची आवृत्ती लागली आणि नियमांच्या पानावर ९६.२१ दिसत राहिले. एक कोटीपैकी चार लाख स्पिन तिच्या. पुरवठादाराने सगळ्यांची एकत्र बेरीज केली तर परतावा ९५.७३ येतो, जाहीर दरापेक्षा ०.४८ कमी. पट्टा ०.७४ चा, म्हणून घंटा वाजत नाही. त्याच चार लाख स्पिन साइटवार वेगळ्या काढल्या तर पट्टा ३.७ चा आणि फरक १२ चा, पहिल्याच आठवड्यात बोंब होईल. म्हणून मोजणी आवृत्तीवार आणि साइटवार करायची. ज्याला देखरेखीच्या अहवालाबद्दल एकच प्रश्न विचारायची मुभा आहे त्याने हाच विचारावा.

परवान्याबाहेर

वरचे सगळे युक्तिवाद परवान्याच्या कुंपणात खरे आहेत. कुंपणाबाहेर नामांकित खेळांच्या चोरट्या प्रती सापडल्या आहेत: चित्रे अस्सल, सर्व्हर भलत्याचाच, दर कुणालाच ठाऊक नाही. ओळखायची एक साधी खूण अशी की खेळ उघडून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब पाहावा. अस्सल खेळ पुरवठादाराच्या पत्त्यावरून भरला जातो, नक्कल दुसऱ्याच कुठल्यातरी.

भारतात तर हा प्रश्न वेगळ्याच जागी उभा आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावरच बंदी घातली, त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. गोव्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना परवानगी मिळाली, पण ती जमिनीवरची गोष्ट. टेलिग्रामवर लिंक येते, मराठीत जाहिरात येते, त्या अॅपवर '९७ टक्के परतावा' लिहिलेले असते. तिथे तो आकडा तपासणारी प्रयोगशाळा नाही, बघणारा नियामक नाही, आणि तक्रार घेऊन जायला दार नाही.

तक्रारीचा निकाल

आता मूळ खेळाडूकडे. जे काम आधी करायला हवे होते ते पाच मिनिटांचे आहे. खरे पैसे लावण्याच्या स्थितीत खेळ उघडायचा, मेनूतून नियम किंवा पेटेबल काढायचे, शेवटच्या पानांपर्यंत जायचे, 'थिऑरेटिकल रिटर्न टू प्लेअर' ही ओळ शोधायची आणि तारखेसकट स्क्रीनशॉट घ्यायचा. माहितीच्या पानावरचा आकडा हा बहुधा त्या खेळाचा सर्वोत्तम दर असतो, या साइटवरचा दर असेलच असे नाही.

आपल्या प्रकरणात ती ओळ ९१.२५ सांगते असे धरू. मग ९६२.१० आणि ८४२ यांतला १२० पौंड १० पेन्सचा फरक दोन तुकड्यांत फुटतो. ९१.२५ च्या दराने १,००० पौंडांवर ९१२.५० यायचे, म्हणजे ४९.६० पौंड आवृत्तीचे. उरलेले ७०.५० नशिबाचे, आणि पाच हजार स्पिनच्या ३३ टक्क्यांच्या पट्ट्यात ही सात टक्क्यांची हालचाल किरकोळ आहे. पहिला तुकडा कागदावर छापलेला होता, खेळाडूने दुसराच कागद वाचला. दुसऱ्याबद्दल तक्रार होऊ शकत नाही.

पहिल्याबद्दल मात्र होऊ शकते, पण ९६.२१ ची पाटी कुणाची होती त्यावर सगळे अवलंबून. माहितीचे पान त्रयस्थाचे आणि जुने असेल तर साइटचा दोष नाही. ते पान खेळाडू पाठवून साइटकडून कमिशन घेणारे असेल, तर ब्रिटिश परवान्याच्या अटींनुसार अशा जाहिरातदाराच्या वागणुकीची जबाबदारी साइटवरच येते. आणि साइटच्या स्वतःच्या लॉबीत, म्हणजे खेळांची यादी दाखवणाऱ्या पानावर, ९६.२१ व खेळाच्या आत ९१.२५ असेल, तर प्रकरण भक्कम आहे.

जुगार आयोग वैयक्तिक पैशांचे भांडण सोडवत नाही. आधी साइटकडे लेखी तक्रार, आठ आठवड्यांत उत्तर पटले नाही किंवा आलेच नाही तर आयबाससारखी मान्यताप्राप्त लवाद संस्था. साइटकडे पाठवायच्या पत्रात चार गोष्टी असतात: लॉबीतल्या आणि खेळातल्या दराचे तारीखवार स्क्रीनशॉट, पहिल्या आणि शेवटच्या फेरीचा क्रमांक, त्या काळात कोणती आवृत्ती चालू होती आणि तिचे प्रमाणपत्र कोणत्या प्रयोगशाळेचे हा प्रश्न, आणि मागणी ४९ पौंड ६० पेन्सची. ८४.२ चा उल्लेख त्यात कुठेही नसतो.